वाचकांचे प्रश्न : आयर्लंडचा नाताळ आणि संतांचे दिवस

डिसेंबरच्या अंकात आयर्लंडमधील नाताळाविषयी या सदरात अर्ध्या पानाचे एक उत्तर दिले होते. त्यानंतर मुंबई आणि वसई परिसरातून त्याच विषयावर इतकी पत्रे आली की या अंकातील सगळे सदर त्यांनाच द्यावे असे ठरवले. बहुतेक पत्रांचा रोख 'असे का करतात' या प्रश्नावर आहे. म्हणून एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. प्रथेचे कारण म्हणून जी गोष्ट सांगितली जाते, ती पुष्कळदा प्रथेपेक्षा वयाने लहान असते. त्यामुळे पुढील उत्तरांत आधी काय करतात, केव्हा करतात आणि कोण करते हे सांगितले आहे आणि 'का' हा प्रश्न शेवटी ठेवला आहे.

प्रश्न : माझी मुलगी कॉर्क शहरात शिकते. ६ जानेवारीला तिच्या घरमालकीणबाईंनी स्वयंपाकघरात पाऊलही टाकले नाही. जेवण आणि भांडी त्यांच्या यजमानांनी केली आणि बाई मैत्रिणींबरोबर बाहेर गेल्या. 'आज आमचा नाताळ' एवढेच त्या म्हणाल्या. नाताळ तर केव्हाच होऊन गेला होता. हा काय प्रकार आहे? (एक वाचक, मालाड)

उत्तर : आपल्या कन्येने पाहिला तो 'नॉलिग ना मन', म्हणजे बायकांचा नाताळ. यातला 'नॉलिग' हा आयरिश शब्द आणि आपला 'नाताळ' हे चुलतभाऊ आहेत. जन्मदिवसाशी संबंधित लॅटिन शब्दांपासून दोन्ही निघाले. आपला शब्द पोर्तुगीजांच्या जहाजांतून आला, तर आयरिश शब्द त्याच्या कित्येक शतके आधी लॅटिन बोलणाऱ्या धर्मप्रसारकांबरोबर त्या बेटावर पोहोचला होता.

आयर्लंडमध्ये नाताळ एका दिवसाचा नसून २५ डिसेंबरपासून ६ जानेवारीपर्यंत चालणारा सण होता. पहिला दिवस मोठा नाताळ, शेवटचा धाकटा. मोठ्या नाताळाला 'पुरुषांचा नाताळ' असेही म्हणत, कारण त्या दिवशीच्या ताटात मांस आणि पेल्यात व्हिस्की असे. धाकट्या नाताळाला मनुका घातलेला केक, चहा, जमल्यास थोडी वाइन असे बायकांच्या आवडीचे पदार्थ होत. बारा दिवस पाहुण्यांचे आणि घरच्यांचे करून थकलेल्या बाईने त्या दिवशी चुलीकडे पाहायचे नाही, पाणी भरायचे नाही, शेजारणींकडे जाऊन बसायचे आणि घर पुरुषांनी सांभाळायचे, असा रिवाज विशेषतः कॉर्क आणि केरी या दक्षिणेकडच्या परगण्यांत टिकून राहिला. मध्यंतरी तो मंदावला होता. अलीकडे शहरांतल्या बायकांनीच त्याला पुन्हा उचलून धरले असून हॉटेलांतून त्या दिवसासाठी खास टेबले राखली जातात.

आपल्याला संक्रांतीनंतरचे हळदीकुंकू आठवले असेल. महिना तोच आणि बायकांनी बायकांकडे जाणेही तेच. एक फरक मात्र नजरेआड करू नये. हळदीकुंकवाच्या दिवशी घरच्या बाईचे काम कमी होत नाही, उलट वाढते. वाण आणायचे, खिरापत करायची, संध्याकाळी कपबशा विसळायच्या, हे सगळे तिच्याकडेच असते. आयरिश प्रथेत कपबशा विसळणे यजमानांकडे जाते आणि प्रथेचा सगळा रस त्यातच आहे.

या रात्रीचा आणखी एक विधी जुना आहे. ओट्स भरलेल्या चाळणीत कडेने बारा मेणबत्त्या आणि मध्ये एक मोठी मेणबत्ती लावत. वेस्टमीथ परगण्याचे वर्णन लिहिणाऱ्या सर हेन्री पियर्स यांनी १६८२ मध्येच त्याची नोंद केली असून बारा दिवे म्हणजे येशूचे बारा शिष्य असा अर्थ दिला आहे. पुढे काही घरांत या मेणबत्त्यांना घरातल्या माणसांची नावे देऊ लागले आणि ज्याची आधी विझेल तो आधी जाणार असे मानू लागले. त्याच मध्यरात्री पाण्याची वाइन होते, लव्हाळ्याचे रेशीम होते आणि वाळूचे सोने होते, अशीही समजूत होती. मात्र ते पाहायला जाणाऱ्याची धडगत नसे, त्यामुळे खातरजमा कोणी केली नाही.

प्रश्न : आमच्या वसईत नाताळाला घरोघरी तारा लावतात. आयर्लंडमध्ये खिडकीत मेणबत्ती लावतात आणि ती लपून राहणाऱ्या धर्मगुरूंसाठीची खूण होती, असे वाचले. हे खरे आहे का? (एक वाचक, वसई)

उत्तर : मेणबत्तीची प्रथा खरी आहे. खुणेची गोष्ट मला कच्ची वाटते.

२४ डिसेंबरला अंधार पडला की खिडकीत एक मोठी मेणबत्ती लावायची, तीही घरातल्या सर्वांत धाकट्या मुलाच्या हातून. घरात मेरी नावाची मुलगी असेल तर मान तिचा. पूर्वी मेणबत्ती उभी राहावी म्हणून मोठा सलगम कोरून त्यात ती खोचत आणि भोवती रंगीत कागद लावत. दाराला कडी घालत नसत. काही घरांत रात्री टेबलावर पाव आणि दूध ठेवून मगच झोपत, कारण बेथलेहेममध्ये मरिया आणि योसेफ यांना कोणी आसरा दिला नव्हता आणि तसे आपल्या दारात होऊ नये.

आता धर्मगुरूंची गोष्ट. १६९५ पासून आयर्लंडमध्ये कॅथलिकांवर बंधने घालणारे कायदे होत गेले आणि १६९७ च्या कायद्याने बिशपांना व मठवासी धर्मगुरूंना देश सोडावा लागला. त्या काळात खिडकीतला दिवा म्हणजे 'इथे यायला भीती नाही' असा निरोप होता आणि शिपायांनी विचारलेच तर 'मरिया-योसेफासाठी लावला' असे उत्तर देत, असे सांगितले जाते. गोष्ट सुरेख आहे, पण सगळे गाव दिवे लावत असेल तर खूण म्हणून तिचा उपयोग काय आणि शिपायांना ती कळणार नाही हे कसे? छळ सोसलेल्या समाजाने आपल्या जुन्या दिव्याला नंतर दिलेला हा अर्थ असावा, असे माझे मत आहे. आपल्या आकाशकंदिलाचेही तेच आहे. कोणी तो पितरांना वाट दाखवतो म्हणतात, कोणी लक्ष्मीला, आणि चाळीतली पोरे तो लावायचा म्हणून लावतात.

आयर्लंडमध्ये या दिव्याला तिसरा अर्थ तर आपल्या डोळ्यांदेखत मिळाला. मेरी रॉबिन्सन १९९० मध्ये त्या देशाच्या पहिल्या महिला राष्ट्राध्यक्ष झाल्या, तेव्हा परदेशी गेलेल्या आयरिश माणसांसाठी राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानी कायम एक दिवा तेवत राहील असे त्यांनी जाहीर केले आणि स्वयंपाकघराच्या खिडकीत तो लावला. १८४५ नंतरच्या मोठ्या दुष्काळापासून ज्या देशातली माणसे पिढ्यान्‌पिढ्या जहाजाने निघून गेली, त्याला हा अर्थ समजावून सांगावा लागला नाही.

प्रश्न : नाताळाच्या दुसऱ्या दिवशी आयर्लंडमध्ये एका चिमुकल्या पक्ष्याला मारून मिरवतात असे कळले. येशूच्या जन्माच्या आनंदात ही क्रूरता कशी बसते? आणि अजूनही असे चालते का? (एक वाचक, दादर)

उत्तर : शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. पक्षी मारणे बंद होऊन बराच काळ लोटला. आता काठीवर पिसांचा किंवा चिंध्यांचा खोटा पक्षी असतो आणि पुष्कळ ठिकाणी तोही नसतो.

तो पक्षी म्हणजे रेन. जेमतेम १० सेंटिमीटर लांबीचा, तपकिरी, उभारलेल्या शेपटीचा आणि अंगाच्या मानाने भलताच मोठा आवाज असलेला. २६ डिसेंबर हा संत स्टीफन यांचा दिवस. त्या सकाळी मुले आणि तरुण काटेरी झुडपे झोडपून रेन शोधत, मारलेला पक्षी हॉली या काटेरी पानांच्या सदाहरित झाडाच्या फांदीला बांधत आणि ती फांदी घेऊन दारोदार फिरत. तोंडाला काजळी किंवा मुखवटा, अंगावर उलटे कोट नाहीतर बायकांचे कपडे, काही भागांत पेंढ्याचा संपूर्ण वेष आणि डोक्यावर पेंढ्याचीच उंच निमुळती टोपी, हातात बोरॉन नावाचा डफासारखा ढोल आणि बासऱ्या, असा त्यांचा थाट असे. गाण्यात या एवढ्याशा पक्ष्याला पक्ष्यांचा राजा म्हटलेले असते आणि त्याच्या अंत्यविधीसाठी पैसे मागितलेले असतात. पैसे देणाऱ्याला शुभ म्हणून एखादे पीस मिळे. हात आखडणाऱ्याच्या दाराशी पक्षी पुरण्याची धमकी असे आणि तसे झाले तर त्या घराचे वर्ष वाईट जाते असे मानत. जमलेल्या पैशांतून रात्री नाच, खाणे आणि पिणे होई.

कोकणातला शिमगा ज्याने पाहिला आहे त्याला यात परके काही वाटू नये. संकासुराची निमुळती टोपी, सोंगे, ढोल आणि दारोदार मागितलेली पोस्त डोळ्यांसमोर आणली की चित्र जवळजवळ पुरे होते. केरीतील डिंगल गावात आजही निरनिराळ्या आळ्यांची रेन-पथके निघतात, त्यांच्यात लाकडी सांगाड्याचा पांढरा घोडा असतो, आणि आळीआळीतली चुरस पालख्यांच्या वेळी आपल्याकडे असते तशीच असते.

मग पक्ष्यावर राग का? त्याच्या गोष्टी दोन-तीन आहेत. संत स्टीफन झुडपात लपले असता रेनच्या चिवचिवाटाने ते पकडले गेले, ही एक. आयरिश सैनिक रात्री शत्रूवर चाल करून जात असता रेनने ढोलावर पडलेले पावाचे कण टिपले आणि त्या आवाजाने शत्रू जागा झाला, ही दुसरी. यात शत्रू कोठे जुन्या काळी समुद्रावरून चालून आलेले डेन लोक असतात, तर कोठे सतराव्या शतकातल्या क्रॉमवेल या इंग्रज सेनापतीचे शिपाई, म्हणजे मध्ये शतकानुशतकांचे अंतर पडते, पण गोष्टीला त्याचे काही नाही. तिसरी गोष्ट आहे ती राजेपणाची. सर्वांत उंच उडेल तो राजा अशी पैज लागली तेव्हा रेन गरुडाच्या पिसांत लपून बसला, गरुड थकल्यावर त्याच्या पाठीवरून आणखी थोडा वर उडाला आणि जिंकला.

रेनची ही शिकार आइल ऑफ मॅन, वेल्स आणि दक्षिण फ्रान्समध्येही होत असे. तिथल्या लोकांना क्रॉमवेलच्या शिपायांशी काही देणेघेणे नव्हते. एरवी वर्षभर ज्याला मारणे पाप मानत, त्याच पक्ष्याला वर्ष पालटताना एक दिवस मारायचे, यात जुन्या राजाचा, म्हणजे जुन्या वर्षाचा, अंत करण्याची कल्पना अभ्यासकांनी पाहिली आहे. तीही कल्पनाच आहे. पण निदान एका देशापुरती नाही.

या सगळ्याचा इतका तपशील आपल्याला मिळतो याचे मोठे श्रेय शाळकरी मुलांना आहे. आयरिश लोकसाहित्य आयोग १९३५ मध्ये स्थापन झाला आणि १९३७ ते १९३९ या काळात त्याने सुमारे ५,००० प्राथमिक शाळांतील वरच्या वर्गांच्या मुलांकडून घरच्या आणि शेजारच्या वृद्धांच्या आठवणी वह्यांत लिहून घेतल्या. जमलेली पाने सुमारे ७,४०,००० आहेत. डब्लिनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये ती जपलेली आहेत आणि आता घरबसल्याही वाचता येतात. आपल्याकडे शिमग्याच्या सोंगांची अशी शाळाशाळांतून नोंद झाली असती तर, हा विचार मला ती पाने पाहताना दर वेळी छळतो.

प्रश्न : १ फेब्रुवारीची संत ब्रिजिड ही मुळात संत नसून जुनी देवी आहे, असे ठामपणे सांगणारे लेख वाचनात येतात. आपले मत काय? (एक वाचक, गिरगाव)

उत्तर : ठामपणा सोडला तर बाकीचे विचार करण्याजोगे आहे. इसवी सन ९०० च्या सुमाराच्या एका आयरिश शब्दकोशात ब्रिजिड नावाच्या देवीची नोंद आहे. ती कवींची देवी, आणि तिच्याच नावाच्या दोन बहिणी वैद्यकाच्या आणि लोहारकामाच्या. दुसरीकडे किल्डेअरच्या मठाची संस्थापक ब्रिजिड हिचे कॉगिटोसस या मठवासी लेखकाने लॅटिनमध्ये लिहिलेले चरित्र सातव्या शतकातले आहे, म्हणजे देवीच्या त्या नोंदीपेक्षा संतचरित्र जुने आहे. देवीचे काही गुण संताला चिकटले असतील, एवढे म्हणता येईल. त्यापलीकडे पुराव्याचा हात पोहोचत नाही.

मला त्याहून अधिक गुंतवून ठेवते ते ३१ जानेवारीच्या संध्याकाळी घरात घडणारे. घरातली एक मुलगी लव्हाळ्याचा भारा घेऊन बाहेर उभी राहते. ती तीनदा हाक देते : गुडघे टेका, डोळे उघडा, ब्रिजिडला आत घ्या. आतून उत्तर येते : तिचे स्वागत असो. मग भारा आत येतो, टेबलाखाली ठेवला जातो, जेवण होते आणि त्याच लव्हाळ्याचे क्रूस विणले जातात. हे वाचताना भाद्रपदातली गौर डोळ्यांपुढे आली नाही असा मराठी वाचक विरळा. आपल्याकडेही कित्येक घरांत तेरड्याची रोपे म्हणजेच गौर. ती बाहेरून मुलीच्या हातून येते, उंबऱ्यावर थांबते, आत-बाहेर प्रश्नोत्तरे होतात आणि मग ती सोन्याच्या पावलांनी घरभर फिरते. यावरून दोघींचे नाते जोडायला मी निघालेलो नाही. शेतकऱ्याच्या घरी ऋतू बदलताना बाहेरची हिरवी वनस्पती पाहुणी म्हणून आत घ्यावी, हे दोन ठिकाणी वेगवेगळे सुचू शकते. आयर्लंडमध्ये १ फेब्रुवारी हा वसंताचा पहिला दिवस मानतात. मेंढ्या व्यायला लागतात, दूध पुन्हा सुरू होते आणि नांगर बाहेर निघतो.

त्याच रात्री एक फडके किंवा पट्टी बाहेर कुंपणावर टाकून ठेवत. रात्री ब्रिजिड गावावरून जाते आणि त्याला स्पर्श करते, अशी श्रद्धा. सकाळी दवाने ओले झालेले ते फडके वर्षभर डोकेदुखीला आणि गाईच्या किंवा बाईच्या अडलेल्या बाळंतपणाला वापरत. गॉलवेकडे पेंढ्याच्या दोराचे मोठे कडे घेऊन मुले दारोदार येत आणि घरच्यांनी त्यातून आरपार जायचे, म्हणजे वर्ष निरोगी जाते.

तिच्या झग्याची गोष्ट तर आपल्याला पाठच आहे, फक्त पात्रे वेगळी. मठासाठी 'माझा झगा झाकेल एवढीच जमीन दे' असे तिने लीन्स्टरच्या राजाला म्हटले. राजा हसून हो म्हणाला आणि झगा पसरत पसरत मैलोन्‌मैल गेला. बळीराजाने तीन पावलांच्या वेळी असाच हिशेब चुकवला होता. २०२३ पासून आयर्लंडमध्ये ब्रिजिडच्या नावाने सार्वजनिक सुट्टी असते.

प्रश्न : मोतमाऊलीच्या जत्रेत आम्ही नवसाचे मेणाचे हात-पाय वाहतो. आयर्लंडमध्ये संतांना असे नवस असतात का? (एक वाचक, वांद्रे)

उत्तर : असतात, पण पुष्कळदा चर्चमध्ये नव्हे, तर विहिरींवर. संतांच्या नावाच्या पवित्र विहिरी त्या देशात हजारोंनी आहेत आणि त्या त्या संताच्या दिवशी तिथे यात्रा भरे, उदाहरणार्थ वॉटरफर्ड परगण्यातील आर्डमोर येथे २४ जुलैला संत डेक्लन यांची. विहिरीभोवती प्रार्थना म्हणत ठरावीक फेरे घालायचे, पाणी प्यायचे आणि दुखऱ्या अंगाला लावलेली चिंधी शेजारच्या झाडाला बांधायची. चिंधी कुजत जाईल तसे दुखणे उतरते. फेरे उजवे घालायचे, सूर्याच्या दिशेने. त्याला 'देशल' म्हणतात आणि त्यातला उजव्या बाजूचा 'देस' व आपल्या प्रदक्षिणेतला 'दक्षिण' हे शब्द भाषाशास्त्राने एकाच मुळाचे ठरवले आहेत. इथे मात्र नाते खरोखरच आहे, पण ते शब्दांचे.

प्रश्न : आयर्लंडमध्येही कोंबड्याचा बळी देत आणि काही दिवस अशुभ मानत, हे खरे का? (एक वाचक, परळ)

उत्तर : दोन्ही खरे. संत मार्टिन यांच्या दिवसाआधी, म्हणजे १० नोव्हेंबरला, कोंबडा किंवा हंस कापून त्याचे रक्त उंबऱ्यावर आणि घराच्या चार कोपऱ्यांत शिंपडत. कोकणात शेताच्या राखणदाराला कोंबडा देतात, तसाच हा हिशेब. दुसऱ्या दिवशी कोणतेही चाक फिरवायचे नाही, सूतकताईचेही नाही आणि गिरणीचेही नाही, कारण संत गिरणीत चिरडून मेले म्हणे. वास्तविक फ्रान्समधील तूरचे बिशप मार्टिन ३९७ मध्ये वृद्धापकाळाने वारले. हिवाळ्याआधी चारा संपत आल्याने जनावरे कापण्याचा तो हंगाम होता, हे कारण पुरेसे आहे.

अशुभ दिवस म्हणजे २८ डिसेंबर, बाळ येशूला मारण्याच्या खटपटीत हेरोद राजाने मारलेल्या बालकांचा दिवस. नवे काम, लग्न, प्रवास यांपैकी काहीही त्या दिवशी सुरू करत नसत. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशीचा आपला करिदिन तोच नियम सांगतो.

प्रश्न : मी प्राथमिक शाळेत शिकवते. ब्रिजिडचा क्रूस मुलांकडून करवून घ्यायचा आहे. लव्हाळे मुंबईत कुठून आणू? (एक शिक्षिका, बोरिवली)

उत्तर : लव्हाळे आणू नका. नारळाच्या झावळीची हिरवी पाती हीर काढून घ्या. वसई-उत्तनकडच्या मुलांना झावळ्यांच्या रविवारी हीच पाती विणण्याची सवय असते, वर्गात तसे कोणी असेल तर त्याला पुढे बसवा. एका क्रुसाला सारख्या लांबीची १३ ते १७ पाती लागतील. एक पाते उभे धरायचे. दुसरे मधोमध दुमडून पहिल्याच्या मध्यावर असे अडकवायचे की त्याची दोन्ही मोकळी टोके उजवीकडे येतील. आता मध्य चिमटीत घट्ट धरून सगळे पाव फेरा घड्याळाच्या उलट दिशेने फिरवायचे, म्हणजे उजवीकडची टोके वर जातात. तिसरे पाते दुमडून या वर गेलेल्या जोडीवर अडकवायचे, टोके पुन्हा उजवीकडे. दर वेळी पाव फेरा आणि एक नवे पाते. तीन-चार आवर्तनांत मधला चौकोन दिसू लागतो. शेवटच्या पात्याची टोके आधीच्या वळणात खोचून चारही हात टोकाशी दोऱ्याने बांधायचे आणि कात्रीने सारखे करायचे. मुले फिरवण्याची दिशा मध्येच बदलतात आणि सगळा डोलारा सुटतो, म्हणून पहिला क्रूस फळ्यापाशी उभे राहून सर्वांबरोबर एकेक पाते मोजत करा. आयर्लंडमध्ये तो दारावर किंवा आढ्याला वर्षभर ठेवत, आगीपासून राखण म्हणून, आणि कित्येक घरांत जुना न काढता शेजारी नवा खोचत. वर्गाच्या दारावर लावणार असाल तर एक लक्षात ठेवा. झावळीची पाती सुकताना आकसतात, तेव्हा शुक्रवारी विणलेल्या क्रुसांचे दोरे सोमवारी पुन्हा आवळावे लागतील.